दोन मूत्रपिंडे आणि दोन इंजिने

विमान धावपट्टीच्या टोकाशी येऊन थांबते. वैमानिक समोरचे दोन दांडे पुढे सरकवतो, इंजिनांचा आवाज चढत जातो आणि आपली पाठ आसनाला टेकते. हे दांडे गाडीच्या अ‍ॅक्सिलरेटरसारखे थेट इंजिनाला जोडलेले असतात, अशी बहुतेक प्रवाशांची समजूत असते. चार दशकांपूर्वी ती बऱ्याच अंशी खरी होती. आज तसे नाही. आजच्या प्रवासी जेट विमानात दांडा आणि इंजिन यांच्या मध्ये एक संगणक बसलेला असतो. ‘मला इतका जोर हवा आहे’ एवढेच वैमानिक दांड्यातून सांगतो. त्यासाठी किती इंधन सोडायचे, हवेच्या कोणत्या झडपा किती उघडायच्या, तापमान कुठे रोखायचे, हे सारे तो संगणक ठरवतो.

या व्यवस्थेचे नाव ‘फुल अथॉरिटी डिजिटल इंजिन कंट्रोल’. विमानक्षेत्रात तिला ‘फॅडेक’ म्हणतात. नावातील ‘फुल अथॉरिटी’ हे शब्द अगदी शब्दशः घ्यायचे आहेत. इंजिन चालवण्याचा पूर्ण अधिकार या संगणकाकडे असतो. तो बंद पडला तर इंजिन हाताने चालवण्यासाठी जुनी तार किंवा दुसरा दांडा ठेवलेला नसतो.

१२ जून २०२५ रोजी अहमदाबादहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे बोइंग ७८७ विमान जमीन सोडल्यानंतर अवघ्या अर्ध्या मिनिटात कोसळले. विमानातील २४२ पैकी २४१ जण आणि जमिनीवरील १९ जण, असे २६० जीव गेले. विमान जिथे आदळले ते बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाचे वसतिगृह होते आणि वेळ दुपारच्या जेवणाची होती. त्यानंतरचे काही आठवडे ‘फॅडेक’ हा तांत्रिक शब्द वाहिन्यांवरच्या चर्चांमध्ये आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या निरोपांमध्ये फिरत राहिला. संगणकानेच इंजिने बंद केली, असे काही जण छातीठोकपणे सांगू लागले. अफवा बाजूला ठेवल्या तरी मूळ प्रश्न रास्त आहे. ज्या संगणकाच्या हाती शेकडो माणसांचा जीव आहे, त्याच्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे कोण ठरवते, आणि कसे?

मेंदू एक, अर्धगोल दोन

जेट इंजिनाचे काम मुळात साधे आहे. समोरून हवा ओढायची, ती दाबायची, तिच्यात इंधन जाळायचे आणि तापलेला वायू वेगाने मागे फेकायचा. कठीण आहे ते हे सगळे मर्यादेत ठेवणे. इंधन जास्त झाले तर टर्बाइनची पाती तापून खराब होतात. कमी झाले तर ज्योत विझते. इंधन घाईने वाढवले तर कॉम्प्रेसरमधील हवेचा प्रवाह अडखळतो आणि इंजिन मोठा आवाज करून उचकी दिल्यासारखे हादरते.

पूर्वी हे संतुलन दट्टे, स्प्रिंगा आणि इंधनाच्याच दाबावर चालणारी एक गुंतागुंतीची यांत्रिक पेटी सांभाळत असे. तिच्या जोडीला वैमानिकांना तापमानाच्या काट्यावर सतत डोळा ठेवावा लागे. कॉन्कॉर्ड विमानाच्या इंजिनांत इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आले, पण ते अ‍ॅनालॉग पद्धतीचे होते. पूर्ण अधिकार असलेला डिजिटल संगणक प्रवासी विमानात आला तो १९८४ मध्ये, बोइंग ७५७ वरील प्रॅट अँड व्हिटनीच्या पीडब्ल्यू २०३७ या इंजिनातून. १९८८ मध्ये सेवेत आलेल्या एअरबस ए३२० विमानाच्या सीएफएम-५६ इंजिनावरही फॅडेक होता. त्यानंतर ती रीतच पडली.

फॅडेकची रचना डॉक्टरांना चटकन कळावी अशी आहे. इंजिनात ठिकठिकाणी बसवलेले सेन्सर म्हणजे संवेदी नसा. फिरण्याचा वेग, हवेचा दाब, बाहेर पडणाऱ्या वायूचे तापमान यांची खबर ते सतत पाठवतात. इंधनाची झडप आणि हवेच्या प्रवाहाला वळण देणारी पाती म्हणजे स्नायू. मधला संगणक म्हणजे मेंदू. या मेंदूचे दोन स्वतंत्र भाग असतात, त्यांना चॅनेल म्हणतात. एक चॅनेल काम करते, दुसरे सारे काही पाहत तयार राहते. पहिले गडबडले तर दुसरे लगेच सूत्रे हाती घेते. महत्त्वाचे सेन्सरही दोन्ही चॅनेलसाठी वेगळे असतात. वीजपुरवठ्याचीही तशीच सोय आहे. इंजिन फिरू लागले की त्याच्यावरच बसवलेले एक छोटे जनित्र फॅडेकला वीज देते. विमानातील बाकीची वीज गेली तरी मेंदूचा रक्तपुरवठा चालू राहतो. आणि प्रत्येक इंजिनाला आपला स्वतःचा फॅडेक असतो.

किती सुरक्षित म्हणजे पुरेसे सुरक्षित?

अमेरिकेच्या फेडरल एव्हिएशन अ‍ॅडमिनिस्ट्रेशनने, म्हणजे एफएएने, इंजिनांच्या नियमावलीत इलेक्ट्रॉनिक नियंत्रणासाठी स्वतंत्र कलम घातले ते १९९३ मध्ये. नियमावलीचा भाग ३३, कलम २८. २००८ मध्ये ते नव्याने लिहिले गेले. युरोपच्या ‘ईएएसए’ या नियामक संस्थेचे नियमही बरेचसे असेच आहेत. या कलमातील कळीची अट सांगायला सोपी आणि पाळायला अवघड आहे. सर्व काही ठीक असताना विजेच्या किंवा इलेक्ट्रॉनिक भागात कोणताही एकच बिघाड झाला, तर त्यामुळे इंजिनाच्या जोरावरचा ताबा जाता कामा नये. आणि नियंत्रण व्यवस्थेतील कोणत्याही एका भागाच्या बिघाडातून इंजिन धोकादायक अवस्थेत जाता कामा नये.

‘धोकादायक’ म्हणजे काय, याचीही यादी नियमांत आहे. तुटलेले भाग इंजिनाचे कवच फोडून बाहेर येणे, आटोक्यात न येणारी आग, इंजिन विमानापासून सुटणे, उलट्या दिशेने मोठा जोर लागणे, इंजिन बंदच करता न येणे. याच यादीत आरोग्याशी थेट संबंध असलेली एक बाब आहे. बहुतेक विमानांत प्रवाशांच्या श्वासाची हवा इंजिनाच्या कॉम्प्रेसरमधून येते. त्या हवेत माणसाला निकामी करतील इतके विषारी पदार्थ मिसळणे, हाही इंजिनाचा धोकादायक बिघाडच मानला जातो.

मग आकडे येतात. जोरावरचा ताबा जाण्याची घटना दर दहा लाख इंजिन-तासांत दहापेक्षा जास्त वेळा घडू नये, म्हणजे सरासरी एक लाख तासांत एकदाच, अशी एफएएची मार्गदर्शक मर्यादा आहे. एक लाख तास म्हणजे अकरा वर्षांहून अधिक काळ अखंड चालणे. पण संपूर्ण विमान गमावण्याची वेळ आणणारा बिघाड मात्र ‘अत्यंत असंभाव्य’ असला पाहिजे. त्याचा अर्थ १०० कोटी उड्डाण-तासांत एकदा किंवा त्याहून कमी. वर्षांत मोजले तर सुमारे १ लाख १४ हजार वर्षे.

एका ठिकाणी एक लाख तास आणि दुसरीकडे १०० कोटी, हा फरक कसा? याचे उत्तर विमानाला दोन इंजिने असतात, यात आहे. दोन इंजिनांचे प्रवासी विमान एका इंजिनावर उड्डाण पूर्ण करू शकेल, अशीच त्याची रचना असते. एका इंजिनाचा ताबा जाण्याची शक्यता ताशी एक लाखात एक असेल, तर दोन्ही इंजिने एकाच तासात आपापल्या वेगळ्या कारणाने जाण्याची शक्यता एक लाख गुणिले एक लाख, म्हणजे एक हजार कोटींत एक होते. कागदावर हे गणित चोख आहे.

त्यातली एकच अट नाजूक आहे. दोन्ही इंजिनांचे आजार वेगवेगळे असले पाहिजेत.

मुतखडा की मधुमेह?

माणसाला दोन मूत्रपिंडे असतात. मुतखड्याने एक अडले तर दुसरे काम सांभाळते, म्हणूनच माणूस आपले एक मूत्रपिंड दान करून नीट जगू शकतो. पण मधुमेह किंवा उच्च रक्तदाब दोन्ही मूत्रपिंडांवर एकाच वेळी घाला घालतो. तिथे ‘दुसरे आहेच’ हा दिलासा उपयोगाचा नसतो. दोन्ही मूत्रपिंडांतून तेच रक्त वाहते आणि दोष त्या रक्तातच असतो.

विमान अभियंते याला सामाईक कारणाचा बिघाड म्हणतात. फॅडेकच्या सुरक्षेची गेल्या चाळीस वर्षांची कहाणी ही बरीचशी या सामाईक कारणाचा माग काढण्याची कहाणी आहे.

असे पहिले सामाईक रक्त म्हणजे सॉफ्टवेअर. दोन्ही इंजिनांच्या फॅडेकमध्ये सहसा एकच सॉफ्टवेअर असते. सुटा भाग झिजतो, तारेचा सांधा ढिला होतो. हे प्रत्येक इंजिनात वेगवेगळ्या वेळी होते. सॉफ्टवेअर झिजत नाही. त्यात चूक असेल तर ती पहिल्या दिवसापासून सर्व प्रतींमध्ये असते आणि योग्य परिस्थिती येण्याची वाट पाहते, जन्मजात दोष असलेल्या जनुकासारखी.

अशी चूक नाही हे चाचणी घेऊन सिद्ध करायचे म्हटले, तर वर सांगितलेली लाखभर वर्षे चाचणी घ्यावी लागेल. ते अशक्य आहे. म्हणून नियामकांनी वेगळा मार्ग धरला. सॉफ्टवेअर किती वेळा चुकेल याचा आकडा ते मागत नाहीत. ते कसे लिहिले आणि कसे तपासले याचा पुरावा मागतात. त्यासाठीचा दस्तऐवज ‘डीओ-१७८’ या नावाने ओळखला जातो. त्याची ‘बी’ आवृत्ती १९९२ ची, सध्याची ‘सी’ आवृत्ती २०११ ची. त्यात सॉफ्टवेअरचे ए ते ई असे पाच स्तर आहेत. चुकल्यास विमान गमावण्याची वेळ आणू शकते ते सॉफ्टवेअर ‘ए’ स्तराचे. प्रवासी जेटचा फॅडेक साधारणपणे याच स्तरात मोडतो. त्याला ७१ उद्दिष्टे पूर्ण केल्याचे दाखवावे लागते. त्यांपैकी अनेक बाबींची तपासणी करणारा माणूस ते काम करणाऱ्यापेक्षा वेगळा असावा लागतो. शस्त्रक्रियेच्या आधी कापसाचे बोळे एकीने मोजायचे आणि दुसरीने पडताळायचे, त्यातला हा प्रकार.

चाचणी किती बारीक असते, याचे एक उदाहरण. अतिदक्षता विभागातील मॉनिटरला सांगितले आहे, ‘रक्तदाब कमी असेल आणि नाडी जलद असेल, किंवा ऑक्सिजन घसरला असेल, तर घंटा वाजव.’ दोन-चार रुग्णांवर घंटा वाजली म्हणून ‘ए’ स्तर समाधान मानत नाही. तीनही अटींपैकी प्रत्येक अट एकटीच बदलली असता घंटा वाजण्याचा निर्णय बदलतो, हे वेगवेगळे दाखवावे लागते. फॅडेकच्या सॉफ्टवेअरमधील अशा प्रत्येक निर्णयासाठी हे करायचे. शिवाय ती पेटी उष्णता, गारठा, हादरे, वीज कोसळणे आणि तीव्र रेडिओलहरी यांच्या परीक्षांना बसवायची. प्रवासी विमानावर सरासरी वर्षातून एकदा वीज पडते असा अंदाज आहे. तो झटका दोन्ही इंजिनांच्या मेंदूंना एकाच वेळी बसू शकतो. म्हणजे सामाईक कारणच.

परवान्यानंतरची पाळत

औषधाला परवाना मिळाला म्हणजे त्याची परीक्षा संपत नाही. काही हजार रुग्णांत न दिसलेला दुष्परिणाम लाखोंनी औषध घेतल्यावर दिसतो. विमानांचेही तसेच. वापरात दोष दिसला आणि तो सुरक्षेला घातक ठरला, तर नियामक ‘उड्डाणयोग्यता आदेश’ काढतात. तो कायद्याने बंधनकारक असतो. भारत प्रवासी जेट इंजिने बनवत नाही. त्यामुळे आपले नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, ज्या देशात इंजिनाची किंवा विमानाची रचना झाली त्या देशाच्या नियामकाच्या आदेशांचे पालन भारतीय कंपन्यांकडून करून घेते.

या आदेशांचा इतिहास वाचला की सामाईक कारण किती वेषांत येते ते दिसते.

१७ जानेवारी २००८ रोजी बीजिंगहून आलेले ब्रिटिश एअरवेजचे बोइंग ७७७ विमान लंडनच्या हीथ्रो विमानतळावर धावपट्टीच्या अलीकडेच जमिनीवर आदळले. उतरण्याच्या अखेरच्या टप्प्यात दोन्ही इंजिनांनी जोर वाढवलाच नाही. १५२ जणांपैकी कोणीही दगावले नाही. पहिला संशय संगणकावर गेला. पण नोंदी तपासल्यावर दिसले की दोन्ही इंजिनांच्या नियंत्रकांनी आपले काम चोख केले होते. इंधनाची झडप पूर्ण उघडा, असा हुकूम दिला होता आणि झडप उघडलीही होती. इंधनच येत नव्हते. थंडीत इंधनातील पाण्याचा बर्फ होऊन तो इंधन तापवणाऱ्या उपकरणाच्या तोंडाशी अडकला होता. सलाइनचा वेग वाढवूनही नळीतील गुठळीमुळे थेंब पडू नये, तशी ही गत. दोन्ही इंजिनांना बाधा झाली, कारण दोघांच्या वाट्याला तेच गारठलेले इंधन आणि तीच रचना आली होती. पुढे ती रचना बदलणे बंधनकारक झाले.

२०१३ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या जीईएनएक्स इंजिनांत वेगळाच प्रकार दिसला. मोठ्या वादळी ढगांच्या आसपास फार उंचीवर बर्फाचे अतिसूक्ष्म स्फटिक असतात. ते इंजिनाच्या आत साचले आणि जोर कमी झाला. एका ढगातून जाणारी सगळी इंजिने तीच हवा ओढतात, त्यामुळे ही बाधाही एकाहून अधिक इंजिनांना होऊ शकत होती. एफएएने आदेश काढला: या इंजिनांच्या विमानांनी अशा वादळांपासून ५० सागरी मैल दूर राहावे. त्यावरचा उपाय फॅडेकमधूनच आला. सॉफ्टवेअर बदलून संगणकाला स्फटिक ओळखायला आणि हवेची झडप उघडून ते बाहेर टाकायला शिकवले गेले. जिथे संगणक आजाराचे कारण असेल अशी भीती होती, तिथे तोच औषध ठरला.

२०१५ मधील एक आदेश वाचून अनेकांना हसू आले असेल. बोइंग ७८७ मधील वीजजनित्रांचे नियंत्रण करणारे संगणक सलग २४८ दिवस चालू राहिले, तर त्यांच्यातील वेळ मोजणारा आकडा भरून वाहायचा आणि सर्व जनित्रे एकदम बंद पडू शकत होती. तात्पुरता उपाय घरच्या टीव्हीसारखा होता, अधूनमधून बंद करून पुन्हा चालू करा. हे संगणक फॅडेक नव्हेत. पण चार स्वतंत्र यंत्रे एकाच सेकंदाला एकाच आकड्यापाशी येऊन कशी थांबू शकतात, याचे याहून स्वच्छ उदाहरण मिळणार नाही.

त्याच वर्षी ९ मे रोजी स्पेनमधील सेव्हिल येथे एअरबसचे ए४००एम हे लष्करी मालवाहू विमान चाचणी उड्डाणात कोसळले आणि सहापैकी चार जण गेले. चारपैकी तीन इंजिने वैमानिकांच्या हुकमाला दाद देईनाशी झाली होती. इंजिनांच्या संगणकांत सॉफ्टवेअर भरताना त्यांना लागणारी मापनाची माहिती गहाळ झाली होती, असे पुढे आले. सॉफ्टवेअर लिहिताना घेतलेली सारी काळजी ते भरण्याच्या एका टप्प्यावर वाया गेली. औषध शुद्ध असले तरी परिचारिकेच्या हाती लेबल नसलेली कुपी आली, तर काय होईल?

स्विच माणसाच्या हाती

अहमदाबादच्या अपघाताकडे या पार्श्वभूमीवर पाहायला हवे. भारताच्या विमान अपघात तपास विभागाचा प्राथमिक अहवाल १२ जुलै २०२५ रोजी आला. त्यानुसार विमानाने १८० नॉट वेग गाठल्यावर लगेच दोन्ही इंजिनांचे इंधन तोडणारे स्विच एका सेकंदाच्या अंतराने ‘रन’वरून ‘कटऑफ’वर गेले. ‘तू बंद का केलेस’ असे एका वैमानिकाने विचारल्याची आणि ‘मी केले नाही’ असे दुसऱ्याने सांगितल्याची नोंद आहे. सुमारे दहा सेकंदांनी पहिला स्विच आणि आणखी चार सेकंदांनी दुसरा पुन्हा ‘रन’वर आला. प्राथमिक अहवालाने कोणावरही ठपका ठेवलेला नाही. जीईएनएक्स इंजिनांच्या किंवा ७८७ विमानांच्या वापरकर्त्यांसाठी त्या टप्प्यावर कोणतीही शिफारसही केलेली नाही.

यात फॅडेकची भूमिका काय होती? स्विच पुन्हा चालू झाल्याबरोबर दोन्ही इंजिनांच्या फॅडेकने ती पुन्हा पेटवण्याची प्रक्रिया आपोआप सुरू केली. पहिले इंजिन सावरू लागले. दुसरे पेटले, पण त्याचा फिरण्याचा वेग घसरतच राहिला. संगणक पुन्हा पुन्हा इंधन सोडत होता. हृदय बंद पडलेल्या रुग्णाला पुन्हा पुन्हा झटका द्यावा तसे हे होते. नोंद थांबली तेव्हा पहिल्या इंजिनाला १९ सेकंद मिळाले होते, दुसऱ्याला १५. उंची फारच कमी होती.

हे स्विच फॅडेकच्या हुकमतीबाहेर ठेवले आहेत आणि त्याला कारण आहे. इंजिन बंदच करता न येणे ही धोकादायक अवस्था आहे, हे वर आलेच. आग लागली तर माणसाला संगणकाची परवानगी न मागता इंधन तोडता आले पाहिजे. पण जो अधिकार आगीत वाचवतो, तोच चुकीच्या क्षणी मारकही ठरू शकतो. म्हणून स्विचला खटका असतो. उचलल्याशिवाय तो सरकत नाही.

या खटक्याविषयी एफएएने डिसेंबर २०१८ मध्ये एक माहितीपत्रक काढले होते. काही बोइंग ७३७ विमानांत हे स्विच खटका निसटलेल्या अवस्थेत बसवल्याचे कळले होते. मात्र बंधनकारक आदेश काढण्याइतका धोका नाही, असे ठरवून तपासणीचा केवळ सल्ला दिला गेला. सल्ला असल्यामुळे आपण ती तपासणी केली नव्हती, असे एअर इंडियाने तपास अधिकाऱ्यांना सांगितल्याचे अहवालात आहे. २०२३ पासून या विमानाच्या इंधन स्विचबाबत कोणतीही तक्रार नोंदलेली नव्हती, हेही त्याच अहवालात आहे. अपघातानंतर डीजीसीएने भारतातील अशा विमानांच्या स्विचची तपासणी २१ जुलैपर्यंत पूर्ण करण्याचा आदेश दिला. एअर इंडियाने आपल्या विमानांत दोष आढळला नसल्याचे कळवले. म्हणजे खटक्यामुळेच अपघात झाला, असा अर्थ यातून काढता येत नाही. पण नियमनातला एक जुना प्रश्न त्यातून पुन्हा समोर येतो. सल्ला आणि आदेश यांच्यातली रेघ कुठे ओढायची? प्रत्येक शंकेवर आदेश काढला तर विमाने जमिनीवरच राहतील आणि खरा इशारा गर्दीत हरवेल. सल्ल्यावर थांबले तर तो फाइलमध्ये जाऊन बसतो.

रुग्णालयाच्या दारात

यातले काहीही डॉक्टरांना परके नाही. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडामध्ये ‘थेरॅक-२५’ या किरणोपचार यंत्राने सहा कर्करुग्णांना प्रचंड मात्रा दिली. त्यांतले काही दगावले. आधीच्या यंत्रांत चुकीची मात्रा रोखणारे वेगळे यांत्रिक अडसर होते. या यंत्रात ते काढून सगळा भरवसा सॉफ्टवेअरवर ठेवला गेला. तंत्रज्ञाने आज्ञा भरभर बदलली की संगणक गोंधळत असे. रुग्ण भाजल्याचे सांगत होते, आणि यंत्र जास्त मात्रा देऊच शकत नाही असे उत्तर मिळत होते. विमान नियामकांनी ‘एकाही बिघाडाने धोका होता कामा नये’ असा हट्ट धरला, तो नेमक्या याच आत्मविश्वासाच्या विरोधात आहे.

आज पेसमेकर, व्हेंटिलेटर, इन्फ्युजन पंप, डायलिसिसचे यंत्र या सगळ्यांत संगणक आहे. भारतात वैद्यकीय उपकरण नियम २०१७ मध्ये आले. त्यांत धोक्यानुसार उपकरणांचे ए ते डी असे वर्ग आहेत. इथे मात्र सर्वांत धोकादायक वर्ग ‘डी’ आहे, विमानांच्या सॉफ्टवेअरच्या नेमका उलट. उपकरणांमुळे झालेल्या इजांची नोंद ठेवण्यासाठी २०१५ पासून ‘मटेरिओव्हिजिलन्स’ हा राष्ट्रीय कार्यक्रमही सुरू आहे. डॉक्टर, परिचारिका, तंत्रज्ञ, कोणीही त्यात तक्रार नोंदवू शकतो. यंत्र बिघडले की कंपनीचा माणूस बोलावून दुरुस्त करून घ्यायचे आणि विषय संपवायचा, ही सवय मात्र सहज सुटत नाही.

विमान प्रवास आज इतका सुरक्षित आहे त्याचे श्रेय एकट्या हुशार संगणकाला देता येणार नाही. बर्फाने अडलेली नळी असो की भरून वाहिलेला आकडा, प्रत्येक बिघाड नोंदला गेला, त्याची चिकित्सा झाली आणि ती जगभर सर्वांना कळवली गेली. १९९१ मध्ये थायलंडवर लाउडा एअरचे बोइंग ७६७ विमान कोसळून २२३ जण गेले, तेव्हा विमानातील माहिती नोंदणारी टेप जळून गेली होती. तपासाला आधार मिळाला तो इंजिनाच्या नियंत्रकात जपून राहिलेल्या स्मृतीचा. हवेत असतानाच एका इंजिनाचा उलटा जोर लागल्याचे त्यातून उलगडले आणि पुढे विमानांना जादा कुलपे बसली.

मूत्रपिंडाचा रुग्ण पहिल्यांदा तपासायला येतो तेव्हा डॉक्टर सहसा दोन्ही मूत्रपिंडांची सोनोग्राफी सांगतात, आणि त्याबरोबर रक्तातील साखर आणि रक्तदाबही तपासतात. एकच बाजू दुखत असली तरी. दोन्ही बाजूंना एकदम काय बाधू शकेल हा प्रश्न विमानाच्या नियामकाने, कंपनीने आणि देखभाल करणाऱ्या तंत्रज्ञाने रोज विचारायचा असतो. इन्फ्युजन पंपाची खोटी घंटा तिसऱ्यांदा वाजल्यावर ती दाबून टाकण्याऐवजी कागदावर लिहून ठेवणारी परिचारिकाही तोच प्रश्न विचारत असते.